माशांच्या खोक्यात थट्टा चालत नाही

ताबोरा, ७ मार्च २०११

श्रीमती चौसिकू पाझी, कुंडुची बंदर, दार-एस-सलाम, यांस सलाम.

आपला पत्ता मला दार-एस-सलामच्या (आम्ही नुसतं दार म्हणतो) बसमधून माल उतरवणाऱ्या माणसाने दिला. फोन नंबरही दिला होता, पण फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं. मला कागद लागतो. कागदाला मी भोक पाडतो आणि फाईलला लावतो.

माझी ओळख. इद्रिसा मिहायो, वय बावन्न, विधुर. घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करतो. कुणाच्या हाताखाली शिकलेलो नाही. लहानपणी वडिलांचं घड्याळ उघडलं, मार खाल्ला, दुसऱ्या दिवशी ते चालू करून दिलं. त्याच पद्धतीने गेल्या वर्षी घरात समुद्राची टाकी केली. समुद्राच्या पाण्याची टाकी असलेला ताबोऱ्यात मी एकटाच. आणखी कुणी आपल्याकडे तसा दावा केला असेल तर त्याच्याकडे तळ्यातले मासे आहेत, हे लक्षात घ्यावं. काच दहा मिलिमीटर. लांबी एकशेवीस सेंटिमीटर, रुंदी पंचेचाळीस, उंची पन्नास. वीज गेली की हवेचा पंप मोटारसायकलच्या बॅटरीवर चालतो. तो जोड माझा स्वतःचा.

एक चूक झाली तीही लिहितो, कारण माझी फाईल खोटी नसते. सुरुवातीला मी पाण्यात उविंझाचं, स्वयंपाकाचं मीठ घातलं. समुद्र खारट, मीठही खारट, असा माझा विचार. पाणी खारट झालं, पण त्यात सोडलेल्या शिंपल्यांनी दोन दिवसांत जीव सोडला. तेव्हापासून समुद्राचं खरं पाणी पिंपं भरून बसने मागवतो. आज टाकीत दगड आहेत, मऊ प्रवाळाचे तीन तुकडे आहेत, आणि ते वाढताहेत. मासे मात्र नाहीत.

याचं कारण माझं पुस्तक. रेल्वेच्या जुन्या क्लबातल्या रद्दीत मिळालं. इंग्रजी आहे आणि साठाव्या पानावर संपतं, कारण पुढची पानं कुणीतरी शेंगदाण्याच्या पुड्यांना वापरली. साठाव्या पानावरचं शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं देतो : "जे मासे स्वभावाने शांत असून प्रवाळाला इजा करत नाहीत, त्यांतले सर्वांत उत्तम मासे म्हणजे"

इथे पान संपतं.

बाई, अकरा महिने मी या वाक्यापाशी थांबलो आहे. पुढे काय, ते आपण कळवावं.

आपला नम्र,
इद्रिसा मिहायो


कुंडुची, १४ मार्च

अरे इद्रिसा,

"यांस" काय नि "नम्र" काय! तू ताबोऱ्याचा, म्हणजे न्यामवेझी जमातीचा, चंद्राकडचा माणूस. मी झारामो. तुझे खापरपणजोबा हत्तीचे दात डोक्यावर घेऊन आमच्या किनाऱ्यापर्यंत चालत यायचे आणि समुद्र बघून विचारायचे, "एवढं पाणी सांडलं कुणी?" तेव्हापासून तुमच्या-आमच्यात थट्टेचं नातं आहे. ते काय मी मोडू? आठ वर्षांपूर्वी माझा नवरा गेला, तेव्हा भर मयतात शेजारचा न्यामवेझी त्याची टोपी घालून, त्याच्यासारखा लंगडत, "चौसिकू, माझा चहा कुठाय?" करत फिरला होता. मी रडता रडता हसले आणि रिवाजाप्रमाणे त्याला कोंबडी दिली. तर मला आपण-बिपण म्हणू नकोस. थट्टेच्या नात्याने तू माझा नवराच लागतोस, आणि नवऱ्याला मी शिव्या देते.

उविंझाचं मीठ! ते वाक्य मी बंदरावर मोठ्याने वाचलं. होडीवाले अजून मला विचारताहेत, त्या चंद्राकडच्या माणसाने पाण्यात कांदा-टोमॅटोपण घातला होता का?

असो. आता तुझं एकसष्टावं पान.

माझे दोन भाचे परवाना काढून, राखीव भाग सोडून, बुडी मारतात. ते मासे आणतात आणि मी टबांत वेगळे करते. रंगावरून नाही, स्वभावावरून. तू आधी पाच हिरवे क्रोमिस घे. ते शाळेतून सुटलेल्या मुलींसारखे घोळक्याने फिरतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग दोन फायरफिश. पुढून पांढरे, मागून पेटल्यासारखे, आणि इतके भित्रे की तू शिंकलास तरी बिळात जातील, नाहीतर टाकीबाहेर उडी मारतील. वर जाळी घाल. जोकर मासा हवाच असेल तर पाठीवर पांढरी रेघ असलेला. जोकरांत तेवढाच सोज्वळ, बाकीचे दारावरून जाणाऱ्याशीसुद्धा भांडण काढतात, माझ्या नणंदेसारखे. आणि एक गोबी, झिंग्यासकट. झिंग्याला नीट दिसत नाही. तो बीळ खणतो आणि गोबी दारात पहारा देतो. असा संसार मी माणसांत पाहिला नाही.

पण एकदम मागवू नकोस. आधी भित्रे सोड, त्यांना आपापली बिळं ठरवू दे. धीट मासा आधी गेला की अख्खी टाकी आपल्या नावावर करून घेतो.

पोपट मासा, ट्रिगर मासा, फुलपाखरू मासा मागू नकोस. देणार नाही.

तुझी मालकीण,
चौसिकू


ताबोरा, २ एप्रिल

चौसिकू,

तुझ्या पत्राला भोक पाडताना मी थोडा वेळ थांबलो, कारण ज्या जागी भोक येत होतं तिथे मला दिलेली शिवी होती आणि ती चांगली होती. दोन मिलिमीटर डावीकडे पाडलं.

खोकं काल सकाळी ६.४० ला पोचलं. बस चार तास उशिरा. सातही मासे जिवंत. पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या आणि बारीक नळीने टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने आत सोडलं. दोन थेंब सेकंदाला, एक तास दहा मिनिटं, मनगटावरचं घड्याळ समोर धरून. माझी शेजारीण म्हणाली, "एवढा वेळ तू बायकोला घरात आणतानाही लावला नव्हतास." मी म्हणालो, "ती गोड्या पाण्यातली होती."

फायरफिश पहिल्या दिवशी दिसलेच नाहीत. आज ९.१५ ला एकाचं डोकं दिसलं. ९.१५ ते १०.०५ मी हललो नाही. दुकानात एक गिऱ्हाईक घड्याळ घेऊन उभं होतं. त्यालाही हलू दिलं नाही.

आता एक विनंती. दारच्या हॉटेलात मी एकदा पिवळा फुलपाखरू मासा पाहिला होता, काळा पट्टा डोळ्यावर. तू नाही म्हणालीस ते वाचलं. पण एकच पाठवलास तर? मी त्याला भरपूर खायला घालीन. पोट भरलेला मासा प्रवाळाला का तोंड लावेल?

खोबरं खाऊन दुपारभर झोपणाऱ्या जमातीला इतक्या लवकर उत्तर देणं जमलं, याची फाईलवर नोंद केली आहे.

इद्रिसा


कुंडुची, ११ एप्रिल

हट्टी माणसा,

पोट भरलेली शेळी केळीचं पान बघून मान फिरवते का? फुलपाखरू मासा भूक लागली म्हणून प्रवाळ खात नाही. तोंडच तसं मिळालंय, लांब आणि बारीक, चिमट्यासारखं. तुझ्या दुकानातल्या चिमट्याला सांग बघू, घड्याळाला हात लावू नकोस म्हणून.

मी मासेवाली असून मासा विकत नाही, यावर शोमारी मामा मला रोज टोचून बोलतो. हा माझ्या आईचा सख्खा भाऊ. आमच्याकडे बापापेक्षा मामाचा शब्द मोठा. तो म्हणतो, "गिऱ्हाईक मागतंय ते दे, प्रवाळ त्याचं, तो बघेल." मी म्हटलं, मामा, तो मला पुन्हा पत्र लिहील, आणि त्यात प्रवाळाचा एकेक तुकडा कधी मेला ते मिनिटासकट असेल. ते वाचवणार नाही माझ्याने.

त्याऐवजी पांढऱ्या रेघेच्या जोकरांची जोडी आणि गोबी-झिंगा पाठवते. जोडीतली मोठी ती मादी. घर तीच चालवते. तुला सवय व्हावी म्हणून सांगितलं.

चौसिकू


ताबोरा, २९ एप्रिल

अगं लबाड बाई,

मानलं तुला! तीन दिवस हसतोय.

खोकं उघडलं. जोकरांची जोडी, ठीक. गोबी आणि झिंगा, ठीक. आणि चौथ्या पिशवीत, यादीत नसलेला, नखाएवढा काळा मासा, अंगावर तीन पांढरे ठिपके. मला वाटलं, काय गोड आहे! सोडला. दहाव्या मिनिटाला त्याने मधला मोठा दगड आपला असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही जोकर कोपऱ्यात. आज क्रोमिसांच्या शेपट्या कातरलेल्या, आणि एक फायरफिश दुपारी २.२० ला वायरसाठी जाळीला मी स्वतः पाडलेल्या भोकातून उडून चटईवर. चाळीस सेकंदांत परत पाण्यात टाकला, वाचला. मी चटईवर बसून हसत सुटलो. शांत माशांची टाकी मागणाऱ्याला गुंड पाठवायचा! थट्टा असावी तर अशी. मी हरलो असं समजू नकोस, उत्तराचा विचार चालू आहे.

इद्रिसा


कुंडुची, २ मे, सकाळच्या बसने

मूर्खा, मूर्खा, मूर्खा,

ती थट्टा नव्हती! ती माझी चूक होती. चष्मा लावला की मी म्हातारी दिसते, म्हणून न लावता पिशव्या बांधल्या. तो काळा ठिपकेवाला एका हॉटेलवाल्यासाठी होता. त्याला भांडखोरच हवे आहेत. आणि तू तिथे हसत बसलास? अरे, मासे मरायला टेकलेत आणि हा मनुष्य उत्तराचा विचार करतोय!

आधी हे कर. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घे, वरचा भाग काप आणि उलटा करून आत बसव, म्हणजे आत जाता येईल पण बाहेर येता येणार नाही. आत झिंग्याचा तुकडा ठेव. बाटली त्याच्या दगडासमोर आडवी घाल आणि बाजूला हो. भांडखोर हावरटही असतो, तोच पहिला शिरेल. तसाच परत पाठव.

आणि एक कायमचं लिहून ठेव त्या तुझ्या फाईलमध्ये. मी तुला पत्रात हवं ते बोलीन. तुझ्या आजोबांना, तुझ्या मक्याच्या पिठाच्या उगालीला, तुझ्या टकलाला. (टक्कल आहे ना? आवाजावरून वाटतं.) पण माशांच्या खोक्यात थट्टा नाही. खोक्यात मी जे ठेवते ते खरं असतं.

चौसिकू


ताबोरा, ६ मे

चौसिकू,

पकडला. बाटली ४.०५ ला ठेवली, तो ७.४५ ला शिरला. तीन तास चाळीस मिनिटं तो दाराशी उभा राहून आत शिरणाऱ्या प्रत्येकाला हुसकत होता. हावरटपणापेक्षा मालकी हक्क मोठा, अशी नोंद केली आहे. सोबत परत पाठवतोय.

शेपट्या वाढताहेत. मोठी जोकरीण मऊ प्रवाळात लोळते. तिचा नवरा मागे मागे असतो, तिने खाल्ल्यावर खातो. गोबी दारात, झिंगा आतून वाळू उपसतो. संध्याकाळी दुकान बंद करून मी टाकीसमोर स्टुलावर जेवतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. इतकी वर्षं रेडिओ लावून जेवत होतो. हल्ली रेडिओ लावत नाही, पत्र वाचतो.

तू लिहिलंस ते वाक्य फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवलं आहे. खोक्यात जे येतं ते खरं.

पुढच्या महिन्यात पाण्याची पिंपं आणायला मी स्वतः दारला येतोय. टक्कल आहे. आवाजावरून कसं कळलं? आपण कधी बोललोच नाही.

इद्रिसा


कुंडुची, २३ जून

चंद्राकडच्या वीरा,

पोचलास का? पोट जागेवर आलं का? घरात समुद्र केल्याचं पत्रात मिरवणारा तू, आणि होडी हलण्याआधीच, दोर सुटण्याआधीच तुझं सगळं बाहेर! थोरला भाचा म्हणाला, "आत्या, याला परत गोड्या पाण्यात सोड." तुझं कौतुक एवढंच की ओकता ओकता मान वर करून विचारलंस, "हे किती वाजता झालं?"

बाकी खरं सांगते, तू माझ्या टबांतल्या माशांपुढे वाकून बसलास ना, गुडघ्यावर हात ठेवून, तसा इथे कुणी बसत नाही. घेणारे येतात, बोट दाखवतात, जातात. तू प्रत्येकाला विचारल्यासारखं बघत होतास.

आणि बारा वर्षं बंद पडलेलं माझं भिंतीवरचं घड्याळ कुणी दुरुस्त करायला सांगितलं होतं तुला? आता दर तासाला टोले देतं. शोमारी मामा म्हणतो, इतकी वर्षं या घरात फक्त चौसिकूच वाजायची, आता दोघी झाल्या.

खोबऱ्याचा भात तीन ताटं खाल्लास. मी मोजली. तुझीच सवय लागली.

चौसिकू


ताबोरा, १८ जुलै
(रिकाम्या माशांच्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलेलं)

विषय : लग्नाची मागणी

मी, इद्रिसा मिहायो, चौसिकू पाझी हिला लग्नाची मागणी घालत आहे. माझ्याबद्दल खरी माहिती पुढीलप्रमाणे.

वय बावन्न वर्षं चार महिने. दात अठ्ठावीस, त्यांतले दोन हलतात. खोल्या तीन, पत्रे नवे. दारू नाही. घोरतो, असं पूर्वी सांगण्यात आलं होतं. पडताळून पाहायला कुणी नाही. स्वभाव शांत. चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ सोडून कशावरही राग येत नाही. कुणाच्या जागेवर हक्क सांगत नाही. दुकान कुंडुचीला हलवता येईल. टाकीही हलवता येईल, पाणी उपसून, मासे पिशव्यांत, एकूण वेळ सुमारे सहा तास.

उत्तराची वाट पाहतो.

इद्रिसा मिहायो

ता.क. पुढच्या खोक्यात सफाई करणारे लाल-पांढरे झिंगे दोन.


कुंडुची, २२ जुलै

अरे देवा, इद्रिसा, माझ्या बरगड्या!

अख्ख्या बंदरावर वाचून दाखवलं. दोनदा. "दात अठ्ठावीस, त्यांतले दोन हलतात" याला होडीवाले आडवे झाले. कहवावाल्याने किटली खाली ठेवली. शोमारी मामाला ठसका लागला, पाठीत बुक्के मारावे लागले. माशांच्या खोक्यात मागणी! तीन वर्षांत या बंदरावर इतकी सरस थट्टा झाली नाही. त्या काळ्या माशाचं उत्तर तू देणार म्हणाला होतास, ते हेच ना? फेडलंस, बाबा. व्याजासकट.

तर माझी अट ऐक. खापरपणजोबांसारखा ताबोऱ्याहून चालत ये, डोक्यावर चाळीस हत्तीचे दात, आणि वरती ती टाकी. पाणी सांडता कामा नये. मग बघू तुझं शांत स्वभावाचं.

झिंगे पाठवते. सफाई करतात, तुझे हलणारे दातही काढतील.

तुझी होणारी बायको (हा हा हा),
चौसिकू


ताबोरा, २९ जुलै

श्रीमती चौसिकू पाझी यांस,

आपलं पत्र मिळालं. झिंगे मिळाले, जिवंत आहेत. यापुढे मासे नकोत. आपलं खोकं धुऊन परत पाठवत आहे.

आजवर आपण निवडून दिलेले सर्व मासे शांतपणे राहत आहेत, त्याबद्दल आभार.

इ. मिहायो


कुंडुची, १ ऑगस्ट, पहिला रोजा

इद्रिसा,

शिवी कुठाय?

कागद उलटा करून पाहिला. खोकं उलटं केलं. झाकण नखाने खरवडलं. चष्मा लावून पुन्हा वाचलं. चार ओळी, आणि त्यांत ना माझा आळस, ना माझं खोबरं, ना माझी जीभ. झिंगे किती वाजता पोचले तेही नाही. तेव्हा मला कळलं.

तू खरंच मागणी घातली होतीस.

आणि मी ती होडीवाल्यांना वाचून दाखवली. दोनदा.

आता माझं ऐक, कारण चूक एकट्या माझी नाही. अरे, मागणीचं पत्र कुणी माशांच्या खोक्यात घालतं? वर ओला भुसा, आत मेलेल्या शेवाळाचा वास, शेवटी झिंग्यांची ऑर्डर! तुमच्याकडे काय करतात मला ठाऊक नाही. इथे मागणी कोऱ्या कापडात गुंडाळून, वडीलधाऱ्याच्या हातून, मुलीच्या मामाकडे जाते. मुलीकडे नाही. मुलीला सगळ्यांत शेवटी विचारतात. आणि तू, ज्याला मी पहिल्या पत्रात नवरा म्हटलं, ज्याला रोज नवरा म्हणते, तो एक दिवस लिहितो मी तुझा नवरा होतो. तुझ्या-माझ्यात ते वाक्य खोटंच असायचं ना? खरं बोलायला आपल्याकडे दुसरे शब्दच उरले नव्हते.

तुझं पत्र पुन्हा वाचलं, एकटीने. "घोरतो, पडताळून पाहायला कुणी नाही." या वेळी हसू आलं नाही.

मला काही विचारू नकोस. मी हो म्हणणार नाही आणि नाही म्हणणार नाही. ते आधी मला विचारायचंच नसतं, ऐकलंस ना वर? मामाचा पत्ता खोक्यावरचाच आहे.

पण एक मागते. मला पुन्हा कधी "आपण" लिहू नकोस. तुझ्या आजोबांची शपथ.

चौसिकू


ताबोरा, ५ ऑगस्ट, सकाळी ८.१०

दुपारभर झोपणाऱ्या बाई,

तुला काय वाटलं, मला मागणीची रीत ठाऊक नाही? आमच्याकडेही माणूसच जातो. पण मी विचार केला. पत्रात तू जे लिहितेस ते थट्टा, हे तुझं म्हणणं. मग खरी गोष्ट ठेवायला आपल्या दोघांकडे एकच जागा होती. तूच लिहिलंस, मी फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवलं, रोज दुकान उघडताना वाचलं. खोक्यात जे असतं ते खरं असतं. म्हणून झाकणाला आतून चिकटवलं, चार कोपऱ्यांना, सरळ रेषेत. यात माझी चूक कुठे झाली ते मला अजून सापडलेलं नाही. सापडली की नोंद करीन.

झिंग्यांचं मात्र खाली लिहायला नको होतं. कागद वाया जाऊ नये म्हणून लिहिलं.

ईद झाली की आमचे म्वालिमू काटाबांझा दारला येतील. निवृत्त हेडमास्तर, वय एकाहत्तर, बसमध्ये मळमळत नाही याची चौकशी केली आहे. कापड पांढरं, नवं, मीच कडा शिवल्या. त्यांना तुझ्याबद्दल सगळं सांगितलं आहे. म्हणाले, "झारामो बायको? अरे, ती तुला बोलू देईल का?" मी म्हटलं, जेवताना सहा वर्षं मीच गप्प होतो, आता कुणीतरी बोलावं.

मला या पत्राचं उत्तर नको. पण तुझ्या मामाने नाही म्हटलं, तर तो कागद मी कोणत्या फाईलला लावू, हे मला माहीत नाही.

इद्रिसा


कुंडुची, ५ सप्टेंबर

श्री. इद्रिसा मिहायो यांस शोमारी किबागा यांचे सलाम.

आपले म्वालिमू काटाबांझा काल आमच्या घरी आले. कापड बघितलं, कडा सरळ आहेत. पत्र वाचलं. या वेळी झिंगे मागितलेले नाहीत, याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांनी समाधान व्यक्त केलं.

पहिल्यांदा दंड. आमच्या भाचीची मागणी माशांच्या खोक्यातून घातल्याबद्दल आपल्याला ताबोऱ्याचा मध, मोठे दोन डबे, असा दंड बसवला आहे. ती मागणी बंदरावर मोठ्याने वाचल्याबद्दल आमच्या भाचीलाही दंड बसवला आहे. तिने प्रत्येक होडीवाल्याच्या घरी जाऊन सांगायचं की, ते पत्र खरं होतं. सतरा घरं झाली, दोन राहिली आहेत. ठसका लागल्याबद्दल मीही दंड मागितला होता, तो कुणी मान्य केला नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या रिवाजाप्रमाणे मुलीला सगळ्यांसमोर चटईवर बसवून विचारलं, की हा माणूस तुला मागतो आहे, तुझं काय म्हणणं? रिवाज असा की मुलीला नको असेल तर ती बोलते, हवं असेल तर गप्प राहते. आमची चौसिकू सत्तेचाळीस वर्षांची आहे. ती जागेपणी गप्प राहिल्याचं घरात कुणाच्याच आठवणीत नाही. तिच्या पहिल्या लग्नाच्या वेळी याच चटईवर "हो, हो, किती वेळ लावताय" असं ती म्हणाली होती, आणि आम्हाला कशाबशा सबबी सांगून ते निभवावं लागलं होतं. तेव्हा आपली फसवणूक होऊ नये म्हणून आम्ही पूर्ण खात्री करून घेतली.

मी विचारलं. ती गप्प. मी कहव्याचा एक कप प्यायलो, मग दुसरा. गप्प. बाहेर तिच्या टबांपाशी एक गिऱ्हाईक ओरडून विचारत होतं, ट्रिगर मासा आणि झिंगे एकत्र ठेवले तर चालतील ना, आणि ट्रिगर झिंगे खातो हे माहीत असून तिचा थोरला भाचा मुद्दाम ओरडला, "चालतील, चालतील!" तिने ओढणीचं टोक दातात धरलं, पण गप्प. शेवटी आपल्या म्वालिमूंनी थट्टेच्या नात्याचा हक्क सांगून सगळ्यांसमोर म्हटलं, "झारामो बाया समुद्राकाठी राहतात, पण मासा ओळखायला त्यांना न्यामवेझी घड्याळजी लागतो." तिचे कान लाल झाले. तिने म्वालिमूंकडे असं बघितलं की ते खुर्चीसकट मागे सरकले.

ती गप्प राहिली. भिंतीवरच्या घड्याळात पंचवीस मिनिटं झाली होती. आपल्याला नेमकी वेळ लागते असं कळलं, म्हणून लिहितो.

बायकांनी लगेच आनंदाची आरोळी दिली. आमचा होकार आहे.

पहिल्या बसने या. हे फार वेळ टिकणारं नाही.

शोमारी किबागा